आईची निळी शाल

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या रंगांच्या दुकानाच्या माळ्यावर तुझी चित्रांची वही सापडली. कडा वाळवीने खाल्ल्यात, चित्रं शाबूत आहेत. बाबा पाट्यावर निळा दगड घोटतायत, कोपरापर्यंत निळे. दगडवाला व्यापारी तराजूवर डोळा ठेवून बसलाय. आणि आई, दारात, मान जरा वाकडी करून. बाकी सगळं रंगवलंस, तिची शाल तेवढी कोरी. आळशीपणा, की विसरलास?

वहिनी गेल्यापासून तू दोन ओळींवर पत्र आटपतोस. डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर? खरं लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

१९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आळशी तू. शाल निळी होती. त्या वर्षी लढाईमुळे जहाजं बंद झाली आणि समुद्रापलीकडचा तो दगड येईना. बाबांकडे चिमूटभर पूड उरली होती, तीही गिऱ्हाइकासाठी राखलेली. तरी त्यांनी पुडी माझ्यापुढे धरली. म्हणाले, "घे, चित्र पुरं कर." मी म्हटलं, पुढच्या जहाजाचा माल आला की करीन. जहाज आलं, तोवर आई राहिली नव्हती. मग हातच धजावला नाही.

पुढे जन्मभर नळीतले तयार निळे रंग वापरले. एकातही ती शाल दिसली नाही.

डावा डोळा गेला. उजव्यात धुकं आहे, तेही दाटतंय. वही टपालाने पाठव. आईला एकदा बघू दे.

आहेस तशीच भांडत राहा.
दादा

२ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वही टपालाने पाठवणार नाही. रागावू नकोस, पुढे वाच.

त्या दगडवाल्याची नात जुनी चित्रं दुरुस्त करते. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती उठली, आत गेली आणि आजोबांच्या मालातला खडा घेऊन आली. मी तो बाबांच्या पाट्यावर घोटला. पाण्यात धुतला, गाळ बसू दिला, पुन्हा घोटला. खांदे भरून आले. बाबा हे रोज कसं करत असतील?

गुरुवारी दुकानाला कुलूप लावून निघते. पूड आणि वही माझ्या पिशवीत असेल. तू खिडकीपाशी बस, मी तुझा हात कागदावर नेऊन ठेवीन. शालीची कड कुठे संपते ते सांगत जाईन. रंग बाहेर गेला तर जाऊ दे. आपण भिंतीवर रेघोट्या ओढायचो, तेव्हाही आई हसायचीच.

भेटीची ओढ आहे, बाकी भेटीत.
तुझी धाकटी