शेवयांचा पूल

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार

तीर्थरूप सौ. शालूताईस,
धाकट्या पिराजीचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? म्हैस? (फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.) तुझ्या तेजस्वीच्या सासरी कागलला पोचवायला तू माझ्याकडे ठेवलेला शेवयांचा डबा सुखरूप आहे. म्हणजे डबा. विहीणबाईंसमोर तुझी मान खाली जाऊ देणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

रिटायर झाल्यावर मी तुझ्या भावजयीच्या फोडण्यांत चुका काढू लागलो, तेव्हा तिनेच मला गल्लीतल्या नववीच्या पोरांना पुलांची मॉडेलं शिकवायला पिटाळलं. तीस वर्षं सरकारी पूल बांधले (त्यातले बहुतेक उभे आहेत), मला वाटलं हे सोपं जाईल. आइस्क्रीमच्या काड्या गोळा करा म्हणालो. पोरांनी त्या प्रामाणिकपणे, एकेक आइस्क्रीम खाऊन गोळा केल्या. शनिवारी पालकांसमोर प्रात्यक्षिक, आणि गुरुवारी अर्धा वर्ग सर्दीने आडवा. उरलेल्यांचा पूल गुळाच्या एक किलोच्या ढेपेखाली असा बसला, की स्वप्नाली नावाची पोरगी म्हणाली, "सर, तुमच्या पुलांवरनं आमी रोज जातोय की ओ!" ताई, पालकांसमोर असं झालं असतं तर मला गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्या काळजीत घरी आलो, तर समोर तुझा डबा. उघडला तो नुसता बघायला. काय त्या शेवया! हातभर लांब, सरळ, सगळ्यांची जाडी एक. आमच्या खात्याला असं लोखंड कधी मिळालं नाही. मग पोरांना दाखवलं, की एक शेवई मोडते, वीसची जुडी मोडत नाही. चौकोन कलंडतो, त्रिकोण हलत नाही. चिकटवायला स्वप्नालीने लाडवांसाठी आणलेला डिंक घरून उचलला (तिच्या आईला अजून माहीत नाही). काल त्या पुलाने नऊ ढेपा पेलल्या. दहावी मीच ठेवू दिली नाही. पोरं नाचली, मला मात्र रडू आलं.

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार.
तुझा,
पिराजी

ता. क. पुलाला मुंग्या लागू नयेत म्हणून तो तुझ्याच डब्यात ठेवला होता. सकाळी मी अंघोळीत, तोवर जावईबापू यशराज डबा घेऊन कागलला गेलेसुद्धा.

ता. क. २. आत्ताच विहीणबाई अंबूबाईंचा फोन. मी घाम पुसत ऐकतोय, तर त्या म्हणतात, "पावणं, रुखवतात मांडावा असा पूल धाडलाय की! सगळी गल्ली बघून गेली. शालूबाईंनी सोता केला व्हय?" मी व्हय म्हणालो.

ता. क. ३. त्या उद्या सकाळी तुझ्याकडे शिकायला येताहेत. हे पत्र घेऊन आईबरोबर तुझ्या दारात उभी आहे तीच स्वप्नाली. आत घे, चहा दे आणि लगेच शिकायला बस. मास्तरीण कडक आहे, चौकोन करू नकोस.