सुजूच्या नळीचा ठराव

६ जाने. ९८, मंगळ. इंदापूर
पुण्याहून परत. सुजूच्या हृदयाजवळची एक नळी जन्मल्यावर मिटायची, ती सहा वर्षं झाली तरी उघडीच. म्हणून ती धाप, तो खोकला. डॉ. म्हणाले, बंद करायचीच, पण वाटा दोन. एक, बरगड्यांतून ऑपरेशन करून बांधून टाकायची. खात्रीचं, पण मुक्काम नि व्रण. दुसरी, मांडीतल्या शिरेतून तारेचं बारीक वेटोळं आत सोडायचं. टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. पण नवीन. कधी सरकतं, कधी थोडी गळती राहते. "विचार करून सांगा." म्हणजे माझ्यासारख्या शाळेतल्या बाईने हेही ठरवायचं.
भिगवणला जेवलो. पोरीने मासळीचा काटा न् काटा चाटला. आजारी म्हणे.

८, गुरु.
मिलिंदला तार पसंत. मला दर तासाला वेगळं. शेवटी म्हणाला, आबांकडे जाऊ. झालं. सासऱ्यांनी गावची दूध सोसायटी इतकी वर्षं चालवली की घरातही ठरावाशिवाय पान हलत नाही. आमचा टीव्हीसुद्धा सूचक-अनुमोदकासह आलाय.

११, रवि. पणदरे
ओसरीवर सभा. अध्यक्ष अर्थात आबा. "इषय एकच हाय. नळी बांधायची का तार घालायची."
सासूबाई ऑपरेशनच्या बाजूने. "गाठ मारली की मिटलं. तार सरकली तर कुठं हुडकायची?"
मिलिंद तारेच्या. मी दोन्हींच्या मधे. आबांनी माझ्याकडे पाहिलं नि मला रडूच आलं.
तेवढ्यात पायरीवरून सुजूने हात वर केला.
"तू सभासद न्हाईस," आबा.
"नळी माझी हाय."
 सोसायटीत कुणी त्यांना असं गप्प केलं नसेल. मग जवळ घेऊन सगळं नीट समजावलं. व्रणाचंही, सरकण्याचंही. "मला दुसऱ्या दिवशी घरी यायचंय. तार." ठराव एकमताने मंजूर. सासूबाईंनी शिरा केला. किती दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसलो.

२०, मंगळ. पुणे
ॲडमिट. डॉ.ना ठराव सांगितला, तर हसायलाच लागले. "मला मान्य. नळीला मान्य पाहिजे ना. आत माप घेऊ. रुंद निघाली तर तार बसणार नाही, मग ऑपरेशन."
खालच्या बूथवरून आबांना फोन.
"मग दुरुस्ती मांडा. नळी म्हणंल तसं." आणि लगेच, "पण पोरीला इचारलं का?"
विचारलं.  सुजू म्हणाली, "चालंल."
मला भीती वाटतेय, खूप. आणि तिचा अभिमान त्याहून जास्त.

२१, बुध. सकाळ
आत नेलं. स्ट्रेचर नको म्हणाली, नर्सचं बोट धरून चालत गेली. मिलिंद खिडकीकडे तोंड करून उभा. दारातून सुजू परत फिरली.
"आई, तू हितंच बस. कोणतं केलं ते मी येऊन सांगते."
बसलेय.