समोरच्या दुकानाची सही

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तशी कोणाची टापही नाही.

१. शिवणयंत्रे तीन. दोन चालू यंत्रे बावीस वर्षे माझ्याकडे काज-बटणांचे काम करणाऱ्या बाईंना द्यावीत. तिसरे भंगारात काढावे. दुरुस्तीच्या नादी लागू नये, मी लागले होते.

२. मी गरजू धंदेवाल्यांना बिनव्याजी कर्ज देण्यासाठी निधी काढला, तेव्हा धाकटे दीर म्हणाले होते, "वहिनी, तुम्हाला भिकेचे डोहाळे लागलेत." त्यांना निधीची वही द्यावी. दोनशे बारा कर्जदारांपैकी फक्त चौघांकडचे पैसे बुडाले, त्यातले दोघे वारले. चष्मा लावून वाचावे.

३. निधीचा नियम एकच. नवरा गेल्यावर मला यंत्रासाठी कर्ज हवे होते आणि बँकेला जामीन. नातेवाइकांनी हात वर केले. जामीन राहिले ते समोरच्या दुकानातले मास्तर, माझे धंद्यातले वैरी. म्हणाले, "ही बाई माझी गिऱ्हाइकं पळवते. काम चांगलं असल्याशिवाय जातात का?" तेव्हापासून मी कर्ज मागणाऱ्याला त्याच धंद्यातल्या, त्याच रस्त्यावरच्या माणसाची सही आणायला लावते. नातलग खोटे बोलतात, शेजारी भिडेखातर बोलतात. धंद्यातला माणूस दुसऱ्याची उगाच तारीफ करत नाही. इस्त्रीवालीने इस्त्रीवाल्याची सही आणली, चावीवालीने चावीवाल्याची. मला या निधीचा अभिमान आहे आणि तो लपवण्याइतकी मी विनम्र नाही.

४. निधीची रक्कम माझ्याच नावावर आहे. मृत्युपत्र झाले नाही तर ती कायद्याने माझ्या एकुलत्या एका मुलाची होईल. म्हणून ती मी वरच्या कलमातल्या चावीवालीच्या हवाली करते, फक्त कर्जे देण्यासाठी.

५. माझा मुलगा. सव्विसाव्या वर्षी त्याने निधीतून कर्ज मागितले. मास्तरांनी सही दिली नाही. "हात कच्चा आहे," म्हणाले. मी नियम मोडला नाही. तो घर सोडून गेला आणि पुढे मास्तर थकल्यावर त्यांचेच दुकान त्याने चालवायला घेतले. अकरा वर्षे आम्ही समोरासमोर बसून एकमेकांची गिऱ्हाइके ओढतो आहोत. बोलणे जेवढ्यास तेवढे.

माझे दुकान आणि वरच्या दोन खोल्या त्यालाच द्यायच्या होत्या. पण ज्या सहीसाठी मी लोकांना उन्हातान्हात हिंडवले, ती माझ्या कागदावर नको? आणि या रस्त्यावर दुसरा शिंपी आता तोच आहे. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. दुसरा कोणी आणा, कोणीही चालेल." मी म्हटले, मला चालणार नाही.

काल मसुदा घेऊन मी रस्ता ओलांडला आणि त्याला स्पष्ट सांगितले. सही केलीस तर तुला काही नाही. नाही केलीस तर हा कागद फाडते. मग दुकान, खोल्या, निधी, सगळे तुझे.

त्याने दोनदा वाचले.

"तेव्हा माझ्यासाठी नियम मोडायला हवा होतास, आई. फार राग आला होता मला."

"माहीत आहे."

"आता मोडलास, तर तो सगळा राग फुकट जाईल माझा." त्याने गळ्यातली टेप काढून ठेवली. "उद्या किती वाजता येऊ?"

६. म्हणून दुकान आणि खोल्याही निधीला. मुलाला माझ्या मालमत्तेतून काहीही नाही. मात्र त्याच्यासाठी एवढे लिहून ठेवते, की तो माझ्यापेक्षा चांगला शिंपी आहे. ही मालमत्ता नव्हे, त्यामुळे साक्षीदारालाही घेता येते. वकीलबाईंना विचारून घेतले आहे.

स्थळ : माझे दुकान, कापणीचे टेबल
दिनांक : १४ मार्च २०२६, सकाळी अकरा

(सही) लिहिणारी

लिहिणाऱ्या बाईंनी हे आमच्यादेखत मोठ्याने वाचले, सहावे कलम दोनदा, आणि मग सही केली.

साक्षीदार :
१. (सही) डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना
२. (सही) मुलगा, शिंपी, समोरचे दुकान