गच्चीवरच्या सळया

१८ मे २०२५, रविवार

अकोल्याहून परत. बस मूर्तिजापूरला अर्धा तास उभी होती, अंगातलं सगळं पाणी सीटवर राहिलं.

कुंदाताईच्या खोलीत दुपारी तीन वाजता बेचाळीस! बाहेर नव्हे — खोलीत, पंख्याखाली. मी थर्मामीटर सोबत नेला होता. ती हसली. "भाऊ भेटाले आला का प्रयोग कराले?" वरचा मजला, उघडा स्लॅब, भाड्याची खोली. भाऊजी जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही, बालवाडीची नोकरीही सुटली. घरमालकाच्या गच्चीला तिने स्वतःच चुना फासलाय, चुन्यात फेविकॉल कालवून. एकसष्टाव्या वर्षी, शिडीवर चढून! मी म्हटलं, शाबास, तीन-चार अंशांचा फरक पडतो. घर दुसऱ्याचं, चुना हिचा आणि भाडंही हिचंच — हे मात्र बोललो नाही. कूलर दिवसाला दोनच तास लावते. बिलाची भीती.

निघताना विचारत होती, सोलरला सरकार पैसे देतं म्हणतात, ते काय असतं? मी फिजिक्सचा मास्तर, मला कोणी विचारायचाच अवकाश. उभ्या उभ्या पूर्ण तास घेतला — घर आपलं पाहिजे, गच्ची आपली पाहिजे, बिल आपल्या नावावर पाहिजे. "मंग ते आपल्यासाठी नाई," म्हणाली आणि माझ्या पिशवीत लोणच्याची बरणी ठेवली.

बडनेऱ्यापर्यंत येता येता माझं ठरलं — आपण बसवायचं. विचारलं तिने, बसवणार मी. तेव्हा काहीच वाटलं नाही. आता लिहिताना वाटतंय.

२० मे

शैलाला सांगितलं. बायकोचा एकच प्रश्न — मग एसी दुपारीसुद्धा लावता येईल ना? वीस वर्षं मी वर्गात ऊर्जाबचत शिकवतो, घरातला एसी सोळावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

८ जून, रविवार

सोलरवाला पोरगा आला होता, अंकुर. हुशार आहे. मोबाईलवर सावलीचं गणित मांडून दाखवलं — डिसेंबरात सूर्य कुठे, जूनमध्ये कुठे. तीन किलोवॅट, अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडी, पैसे सरळ खात्यात.

दोन अडचणी निघाल्या. पहिली — लाइट बिल अजून बाबांच्या नावावर. बाबा जाऊन चौदा वर्षं झाली, पण बिल त्यांनाच येतं आणि तेही दर महिन्याला वेळेवर भरतात! आता नाव बदलावं लागेल. त्यासाठी वारसांची संमती. म्हणजे ताईची सही.

दुसरी अडचण सळया.

घर बांधलं त्र्याऐंशीत. खालचा मजला झाला, पैसे संपले. बाबांनी गच्चीच्या मागच्या बाजूला चार कॉलमच्या सळया तशाच वर काढून ठेवल्या. गवंड्यासमोर म्हणाले होते, "ही कुंदीची खोली. पोरीले कदी माहेरी रायची पाळी आली तर कोनाच्या तोंडाकडे पाहाले नको." दर दिवाळीला स्वतः त्यांना सिमेंटचं पाणी लावायचे, गंज चढू नये म्हणून. ते गेल्यावर दोन वर्षं मी लावलं. मग राहिलं ते राहिलंच.

अंकुर म्हणाला, पॅनलखालचं स्ट्रक्चर दोन फूट उंच घेतलं तर सळया राहू शकतात, लोखंड थोडं जास्त लागेल. नाहीतर कापाव्या लागतील. मी म्हटलं, पाहू.

१४ जून

खुशालरावकडे गेलो. शाळेपासूनचा मित्र, आता वकील. संमतीपत्राचा मसुदा त्याने पाच मिनिटांत केला. मग म्हणाला, बहीण सही करतच आहे तर घरावरच्या हक्कसोडचाही एक कागद करून घे, एकाच बैठकीत. मी म्हटलं, तो रजिस्टर करावा लागतो ना?

"नोटरीचा कागद कोर्टात टिकत नाई रे. पन बहिनी कुठी कोर्टात जातेत?"

मी हसलो. हसायला नको होतं. दुसरा कागदही घेऊन आलो. दोन्ही कागद एका रंगाचे, एका आकाराचे.

१५ जून

शैलाला दुसऱ्या कागदाचं सांगितलं नाही. तिने "हे काय केलंत" म्हटलं असतं आणि मग मला तो फाडावा लागला असता.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी.

ताई सकाळच्या गाडीने आली. राखी बांधली, तोंडात पेढा कोंबला, साठीकडे निघालेल्या माणसाला "वाळला किती" म्हणाली. जेवायला पुरणपोळी. पानावरच मी सोलरचा विषय काढला. तिला कौतुक वाटलं — खरंच वाटलं, तेच तर वाईट! मग म्हणाली, "अन सळयायचं काय?"

मी म्हटलं, पाहू.

जेवणं झाल्यावर कागद पुढे केले. म्हटलं, मीटरसाठी लागतात, दोन सह्या कर. दोन! मीटरला एकच लागते. माझ्या तोंडातून "दोन" इतकं सहज गेलं की मलाच नवल वाटलं. पहिल्यावर तिने लगेच सही केली. दुसरा कागद हातात घेऊन तिने चष्मा मागितला. चष्मा देऊन मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याजवळ नुसता उभा राहिलो. शैला म्हणाली, काय पाहिजे? मी म्हटलं, काही नाही.

बाहेर आलो तेव्हा ताईने तो कागद घडी घालून खुशालरावने दिलेल्या पाकिटात टाकला होता, वरची पट्टीसुद्धा चिकटवून दिली होती. पाकीट माझ्या हातात दिलं. जाताना ओवाळणीचं पाकीट तिने न उघडता पर्समध्ये टाकलं. मी त्यात नेहमीच्या चौपट घातले होते. चोराच्या मनात चांदणं!

कागदाचं पाकीट बाबांच्या फाइलमध्ये ठेवलंय, कपाटाच्या वरच्या खणात. उघडून पाहण्याची छाती नाही. तिच्या सहीतला तो गोल 'कुं' मला ओळखीचा आहे.

११ ऑगस्ट

खुशालरावचा फोन. आण म्हणे तो कागद, शिक्का मारून देतो. म्हटलं, सवड नाही.

२० ऑगस्ट

बिलावर माझं नाव आलं. बाबांचं गेलं. त्यांचं शेवटचं बिल जपून ठेवलंय. कशाला ते माहीत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

सळया कापल्या.

अंकुरने परत एकदा विचारलं होतं, सर, उंच स्ट्रक्चर घेऊ का? खर्चाचा फरक फार नव्हता. आणि सावलीचं म्हणाल तर मी फिजिक्स शिकवतो — बोटाएवढ्या सळईची सावली किती पडते हे मला कळत नाही होय? तरी म्हटलं, काप. कारण इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहू? सळया दिसल्या की खोली आठवते. खोली आठवली की पाकीट आठवतं. सळयाच नसल्या की प्रश्नच नाही, असं वाटलं.

ग्राइंडर लावल्यावर ठिणग्या शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत उडाल्या, त्यांच्या पार्वताबाई ओरडल्या. आत लोखंड अजून पांढरं निघालं. बाबांचं सिमेंटचं पाणी! वरून गंज, आतून कोरं. सोळा तुकडे. भंगारवाला लगेच घेऊन गेला.

हा स्लॅब टाकला त्या मे महिन्यात ताई एकोणीस वर्षांची होती. मातीची आळी करून त्यात पाणी भरून ठेवायचं, एकवीस दिवस. विहिरीवरून बादल्या तिने आणल्या. मी दहावीची परीक्षा देऊन गल्लीत क्रिकेट खेळत होतो.

२९ ऑगस्ट

सहा पॅनल चढले. झकास दिसतात. शेजारचे तिघं पाहून गेले, अंकुरचा नंबर घेऊन गेले. मी सगळ्यांना हिशोब समजावला. बोलताना बरं वाटतं, गप्प बसलो की नाही.

१ सप्टेंबर, सोमवार. महालक्ष्म्या जेवल्या.

ताई कालच आली होती. सोळा भाज्या तिनेच निवडल्या, आंबील तिनेच केली. शैलाला म्हणाली, तू उभी राहू नको, तुझे गुडघे. दोघी मुखवट्यांना दागिने घालताना हसत होत्या.

संध्याकाळी आरतीच्या आधी कोणाला न सांगता ती गच्चीवर गेली. मी खाली जिन्याशी उभा. वरून काही आवाज नाही. पाच-सात मिनिटांनी उतरली. पदराला गंजाचा लाल डाग — ज्या ठिकाणी कापल्या तिथे हात फिरवून, मग पदराला पुसला असणार. मला वाटलं, आता बोलेल. शिव्या देईल तर बरं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आरतीचं ताट कुठी ठेवलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवून जाणार होती. आरती झाल्याबरोबर, शेवटच्या गाडीनेच गेली.

२ सप्टेंबर

आज महालक्ष्म्या बोळवल्या. शैला विचारते, ताईंना काही बोललात का तुम्ही? म्हटलं, नाही. खरं तेच आहे. काहीच बोललो नाही.

३ ऑक्टोबर

नेट मीटर लागून महिना होत आला. आपण वापरून उरलेली वीज उलटी जाते. आकडा रोज सकाळी पाहतो. एसी दुपारी दोनला चालू, शैला खूश. मला त्या गार खोलीत झोप लागत नाही. बेचाळीस आठवतं.

१७ ऑक्टोबर

सबसिडी जमा झाली. मोबाईल वाजला, पाहिलं, उलटा ठेवला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

अकोल्याला गेलो. या वेळी ठरवून गेलो होतो — सगळं सांगायचं, पाय धरायचे, पाकीट तिच्यासमोर फाडायचं. पाकीट घरीच विसरलो. विसरलो म्हणजे काय, कपाट उघडलंच नाही.

खोलीत अर्धं सामान बांधलेलं. घरमालक घर विकतोय, डिसेंबरपर्यंत खोली सोडायची आहे. मला सांगितलंच नव्हतं! पातूरला तिची बालवाडीतली मैत्रीण गोदाबाई राहते, तिच्याकडे एक खोली आहे म्हणे, पत्र्याची. पत्र्याची! मी तापमानाचा मास्तर, मला पत्रा म्हणजे काय ते सांगायला नको.

ओवाळून झालं. मी म्हटलं, ताई, पातूर नको. अमरावतीला ये. आपल्या घरी ये.

ती तबकातली सुपारी सारखी करत होती. म्हणाली, "कुठी येऊ? पॅनलखाली?"

रागाने म्हणाली असती तर मी काही उत्तर दिलं असतं. ती साधंच म्हणाली, पत्ता विचारावा तसं. मग थोड्या वेळाने — "एकच तं म्हटलं होतं मी तुले, उद्धव. बाकी सारं तुलेच दिलं होतं."

मला वाटलं, राखीच्या दिवशी पानावर विचारलं होतं, ते म्हणते आहे. मी मान खाली घातली. कबुली राहूनच गेली. बासुंदी गोड होती, दोनदा वाढली, दोनदा खाल्ली. असा मी.

२४ ऑक्टोबर

अंकुरला फोन केला. विचारलं, पॅनल पुढे सरकवून मागे एक खोली काढता येईल का? म्हणाला, येईल सर, जागा आहे, पण कॉलम आता नव्याने ड्रिल मारून बसवावे लागतील. सळया असत्या तर सोपं होतं. त्याला काय ठाऊक मी काय विचारतोय!

शैलाला सगळं सांगितलं. दुसऱ्या कागदासकट. तिने एसी बंद केला आणि म्हणाली, उद्या तो कागद फाडा आणि परवा अकोल्याला जा, ताईंना सामानासकट घेऊन या. खोली होईपर्यंत त्या आपल्या खोलीत झोपतील, आपण हॉलमध्ये. कागद फाडल्यावर तरी मला श्वास घेता येईल असं वाटतंय.

२५ ऑक्टोबर, शनिवार

फाडायला पाकीट काढलं. फाडण्याआधी एकदा पाहावं म्हणून उघडलं.

सहीच नाही. सहीच्या जागी तिचं बारीक अक्षर, खाली तारीख ९ ऑगस्ट: "घर तुलेच राहू दे, त्यासाठी कागद कायले पाहिजे? फक्त बाबाच्या सळया कापू नको."

मी चोवीस ऑगस्टला कापल्या. ती अजून समजते, मी वाचून कापल्या.