दादाचं ‘पडेल’

३ ऑक्टोबर

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर मी बातम्या वाचल्यासारखा बोलत सुटतो आणि समोरच्याचं ऐकून घेत नाही, ही तुझी जुनी तक्रार, म्हणून फोन केला नाही. शिवाय जे सांगायचंय ते ऐकून तू फोन आपटशील. पत्र फार तर फाडशील.

हवामान खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी तुझ्या वहिनीच्या पायात पायात येतो, हे तिने तुला कळवलंच असेल. तर आता कामाला लागलोय. आमच्या इमारतीतले क्रीडा-संपादक परवा जिन्यात भेटले. बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगचा हंगाम कसा जाईल हे लिहिणारा त्यांचा माणूस ऐनवेळी दुसऱ्या वर्तमानपत्राने पळवला. मी म्हटलं, हंगामाचा अंदाज ना, माझी उभी हयात त्यातच गेली. दर आठवड्याला अर्धा रकाना मिळालाय. पहिला लेख सोबत जोडतो.

मागच्या हंगामांचे निकाल काढून तक्ते मांडले. टेबल भरलं, मग खुर्च्या भरल्या, तुझी वहिनी ताट मांडीवर घेऊन जेवतेय. कोणता संघ कुठे जोर धरतो आणि कुठे विरतो, हे वाऱ्यांपेक्षा फार वेगळं नसतं. सगळं बघता यंदा तळाला जाऊन दुसऱ्या श्रेणीत पडेल असा एकच संघ दिसतो. आणि बेबी, तो तुझ्या नवऱ्याचा आहे.

कोचसाहेबांबद्दल मला आदर आहे हे तू जाणतेस. पण आकड्यांना मेव्हणा-बिव्हणा कळत नाही. संघात उंच म्हणावा असा तो एकच, ज्याला तुम्ही खांब म्हणता. बाकीचे त्याच्या काखेखालून ये-जा करतात. तेव्हा जे दिसलं ते छापायला दिलं. अंक त्यांच्या हाती लागणार नाही एवढं बघ.

लोभ आहे तो या लेखापायी उणा होऊ नये.

तुझा,
दादा


१२ ऑक्टोबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

रागावते कशाला? पत्र वाचून मी माझ्या कवळ्यांच्या कार्यशाळेत एकटीच टाळ्या पिटल्या. हाताला ओलं प्लॅस्टर होतं, ते उडून एका निवृत्त न्यायाधीशांच्या जबड्याच्या साच्यावर बसलं. आता त्यांना एक दात जास्त आहे.

दादा, तुझं ‘पडेल’ आम्हाला नवीन आहे का? पाऊस पडेल म्हणालास की आई गाद्या उन्हात टाकायची. थंडी पडेल म्हणालास की स्वेटर ट्रंकेत जायचे. आणि माझ्या लग्नात थेंबही पडणार नाही म्हणून तू उघड्या मैदानात मांडायला लावलेल्या खुर्च्या पाहुण्यांनी डोक्यावर घेऊन पळवल्या, ते फोटो अजून आहेत. म्हणून म्हणते, तू आमचा संघ पडेल असं छापलंस ना, मग आता तो पडत नाही. मी निर्धास्त झाले.

अंक मात्र लपवता आला नाही. यांच्या आधी तो सगळ्या गल्लीने वाचला होता. यांचा चेहरा असा पडला की विचारू नकोस. जेवताना एवढंच म्हणाले की दादांनी निदान शेवटून दुसरा नंबर तरी द्यायचा होता, घरचा माणूस म्हणून.

आता चेष्टा बाजूला ठेवून सांगते. संघ पडला तर यांचा करार वाढवायचा की नाही ते क्लबची समिती ठरवणार. पडलेल्या संघाच्या कोचचं समित्या काय करतात ते आपण आजवर बघत आलोय. दरवेळी बिऱ्हाड पाठीवर. दरवेळी मी नव्या गावात कुणाच्या तरी कार्यशाळेत, कोपऱ्यातल्या टेबलावर, दुसऱ्यांचे दात घासत बसायचं. इथे पहिल्यांदा माझी स्वतःची जागा आहे. दाराला माझी पाटी आहे, दात भाजायची भट्टी भिंतीत पक्की बसवून घेतलीय, खिडकीतून हवा तसा उजेड येतो. दातांचे डॉक्टर आता आपणहून मलाच काम पाठवतात. मला इथून हलायचं नाही, दादा. या वयात तर नाहीच नाही.

तेव्हा दर आठवड्याला न चुकता लिही, पडेल, पडेल, पडेल. वहिनीला नमस्कार. तुझा आमच्यावरचा लोभ वाढत राहो आणि अंदाज आहे तिथेच राहो.

तुझी,
बेबी


२० डिसेंबर

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

तुझं आभाराचं पत्र पोचलं. भावाला इतक्या प्रेमाने कुणी इतकं अपमानित केलं नसेल.

तुमचा संघ सध्या चौथा आहे हे मला कळवायची गरज नव्हती. ते मला दूधवाल्यापासून सगळे रोज कळवतात. संपादक जिन्यात भेटले की आधी हसून घेतात आणि मग नमस्कार करतात. एका वाचकाने पत्र लिहून विचारलंय, की मी शेअर बाजारावर लिहीन का, म्हणजे त्याला नेमकं उलटं करता येईल.

बेबी, माझे बहुतेक अंदाज बरोबर यायचे. पण बरोबर आलेला अंदाज कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण छत्री नेलेला माणूस भिजत नाही आणि जो भिजला नाही तो विसरून जातो. तुझ्या लग्नाच्या वेळी मी पावसाची शक्यता थोडी आहे असं म्हटलं होतं. थोडी आहे म्हणजे अजिबात नाही, असा अर्थ आपल्या घरात लावला गेला. पाहुण्यांच्या डोक्यावर पडली ती हीच थोडी शक्यता.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या त्या नव्या ठेंगण्या पोराला, भिंगरीला, मी हिशेबात धरलं नव्हतं. तो चेंडू घेऊन कुणाच्या पायांतून निघतो ते मोठ्यांना कळतच नाही. त्याला धरून तक्ते पुन्हा मांडले, तर संघ पहिल्या श्रेणीत टिकेल असं स्पष्ट दिसतं. नव्या वर्षाच्या पहिल्या अंकात तसं लिहितोय. हवा बदलली की अंदाज बदलायचा असतो, त्यात लाज कसली?

तुला आनंद होईल म्हणून आधी कळवलं. लोभ आहेच, त्याला बातमीचं निमित्त नको.

तुझा,
दादा


२४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हात जोडते, पाया पडते, ‘टिकेल’ हा शब्द छापू नकोस. आजारी पड. हात मुरगळला म्हण. तक्त्यांवर वहिनीने आमटी सांडली म्हण, मी तिला तसा निरोप देते. बाकी कुठल्याही संघाचं कल्याण कर, आमचं करू नकोस.

घाईत आहे. माया असेल तर गप्प बस.

तुझी,
बेबी


१८ फेब्रुवारी

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहिणाऱ्यांतला नाही, हे आपण जाणता. माझं लिहिणं म्हणजे फळ्यावरचे बाण. तरी लिहितो आहे, ते हिला न सांगता.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की मी असल्या गोष्टी मानत नाही. मी घोटा, गुडघा आणि सराव एवढंच मानतो. आपला ‘टिकेल’ हा लेख ज्या सकाळी आला त्याच सकाळी खांबाचा घोटा मुरगळला, हा योगायोग आहे. तो जिन्यावरून उतरताना आपला लेख वाचत होता, हाही योगायोगच. त्यानंतर आम्ही जे हरत सुटलो आहोत, त्याचं कारण रिंगखाली उंच माणूस नाही हे आहे. मी मुलांना हे रोज समजावतो.

पण मुलं ऐकत नाहीत. आपला पहिला लेख त्यांनी खोलीच्या दारावर चिकटवला होता आणि त्याला हात लावूनच मैदानात उतरायची. नवा लेख आल्यावर जुन्याचा गुण गेला म्हणतात. भिंगरी तर मला विचारत होता, की लेखकमहाशयांचं आमच्याशी काही वैर आहे का. मी आपलं नातं सांगितलं नाही, क्षमा असावी.

हिचं म्हणाल तर ही आपल्याला पत्र लिहीत नाही, पण आपला लेख माझ्या आधी वाचते आणि मग भांडी आपटते. परवा कार्यशाळेत तिला न्यायला गेलो, तर भट्टी पुसत होती. पुसलेलीच परत पुसत होती. मला बघून म्हणाली की भिंतीतून काढताना ही फुटेल का हे विचारून ठेवायला हवं.

तर दादा, एवढं एकदाच. मी मानत नाही, तरीही. आपण पुन्हा ‘पडेल’ असं लिहाल का? आपली माया अशीच असावी, ही विनंती.

आपला,
(आपण म्हणता तो) कोचसाहेब


२७ फेब्रुवारी

श्री. कोचसाहेबांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून चष्मा पुसावा लागला. तुझी वहिनी, म्हणजे तुमच्या बायकोची वहिनी, मला विचारत होती काय झालं. पत्र तिच्या हाती दिलं, तर तिनेही पदर डोळ्याला लावला.

तरीही सांगतो की मी खोटं लिहिणार नाही. बेबीसाठी मी वाटेल ते करीन, पण समोर ऊन दिसत असताना पाऊस लिहिणं मला जमणार नाही. खात्यात मोठमोठ्या साहेबांना ते जमलं, मला नाही.

पण आनंदाची बातमी अशी की त्याची गरजच उरलेली नाही! आपण इतके मनापासून हरला आहात की तक्ते पुन्हा ‘पडेल’ म्हणू लागले आहेत. प्रामाणिकपणे, कसलीही ओढाताण न करता! आज सकाळीच लेख देऊन आलो. कुणाचं वाईट मी इतक्या आनंदाने कधी लिहिलं नव्हतं. संपादकांना वाटलं मला नातू झाला.

शेवटच्या सामन्याला मी जातीने येतोय. बेबीच्या शेजारची जागा ठेवा. आणि खांबाला म्हणावं, जिना उतरताना वाचत जाऊ नये.

स्नेह आहे तो या पत्राने दुणावला असं समजावं.

आपला,
दादा


९ मे

चि. सौ. बेबीस,
अ. आ.

सुखरूप पोचलो. तुम्हाला कुणाला न भेटता निघून आलो, कारण तोंड दाखवायची सोय मी ठेवली नव्हती.

माझ्या लेखानंतर तुम्ही एकेक सामना जिंकत वर आलात आणि सगळं त्या शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपलं. जिंकलो तर टिकलो, हरलो तर पडलो. वेळ संपलेली, आपण दोन गुणांनी मागे, आणि खांबाला दोन फ्री थ्रो. पहिला आत गेला. दुसरा गेला असता तर बरोबरी आणि जादा वेळ. समोर अडवायला कुणी नाही, घोटाही बरा झालेला. तू माझा हात आवळून कानात सांगत होतीस की दादा, चेंडू आत पडणार नाही म्हण, मोठ्याने म्हण.

मी ठरवलंही होतं, बेबी. बसमध्ये तोंडातल्या तोंडात घोकत आलो होतो. पण त्याने चेंडू सोडला, आणि मला तुझी ती भट्टी दिसली, दारावरची पाटी दिसली. काय झालं कळलं नाही. मी उभा राहून जीव खाऊन ओरडलो, ‘पडेल! पडेल!’ चेंडू रिंगवर फिरला, फिरत राहिला, आणि बाहेर आला.

संघ पडला. वर्षाचा अंदाज बरोबर आला म्हणून संपादक पेढ्याऐवजी नवा करार घेऊन दारात उभे होते. मी दार लावून घेतलं. विज्ञान शिकलेला माणूस आहे मी, हे सगळं थोतांड आहे हे मला कळतं. तरी तुझं घर मी मोडलं असंच मला वाटत राहतं.

लोभाचं काय लिहू? ठेवलास तर ठेव.

दादा


१६ मे

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

काल समितीची बैठक झाली. हे मुलाखतीचा शर्ट घालून गेले होते, मी कार्यशाळेत बसून एकच दाढ सकाळपासून घासत होते. घासून घासून तिचा सुळा झाला. दुपारी हे आले आणि दारातच उभे राहिले. मला वाटलं संपलं.

तर ऐक. अध्यक्षांनी तुझे सगळे लेख वाचलेत. ते म्हणाले की हा संघ पडेल हे ऑक्टोबरातच छापून आलं होतं, लिहिणारा गृहस्थ मोठा जाणकार दिसतो. एवढा पडेल संघ शेवटच्या फेकीपर्यंत नेला, त्या कोचला काढायचं कुठल्या तोंडाने? करार वाढवलाय, पुन्हा पहिल्या श्रेणीत आणायच्या बोलीवर. यांनी नातं तेव्हाही सांगितलं नाही. मी म्हटलं, बरं केलंत.

म्हणजे आम्ही कुठेही जात नाही. संध्याकाळी भट्टी लावली आणि न्यायाधीशांचे दात भाजायला ठेवले.

आणि त्या दिवशीचं म्हणशील तर वेड्यासारखं मनाला लावून घेऊ नकोस. खांबाने मला स्वतः सांगितलं की त्याचा तळहात घामाने ओला होता, त्याला कुणाचं काही ऐकूही आलं नाही. मला मात्र आलं. चेंडू हवेत होता तेव्हा सगळे रिंगकडे बघत होते, मी तुझ्याकडे बघत होते. दादा, जन्मभर तू आम्हाला काय होईल ते सांगत आलास. काय व्हावं असं तुला वाटतं ते आम्ही कधी विचारलं नाही आणि तू कधी बोलला नाहीस. त्या दिवशी तू माझ्यासाठी क्रीडागृह दणाणून सोडलंस. संघ पडला तेव्हा मी रडले हे खरं, पण ते संघासाठी होतं असं हे अजून समजतात.

पुढच्या हंगामातही माझ्या शेजारची जागा तुझीच. न सांगता पळून जायचं नाही, जेवून जायचं. वहिनीलाही आण. आणि तुला जे वाटेल ते, वाटेल तेवढ्या मोठ्याने ओरड.

लोभ किती आहे ते तुला आता कळवायला हवं का?

तुझीच,
बेबी