दत्ताच्या सामानाचा विमा

१२ मार्च १९७९
आमच्या पोराची, दत्ताची ट्रंक आली. स्टेशनवरनं हातगाडीत घालून शाहूपुरीत दुकानापर्यंत आणली. गाडीवाला म्हणाला, "पावणं, हिच्यात काय न्हायच की." खरंय. रेडिओ, दाढीचं सामान, दोन जोड कपडे, त्याच्या बायकोची, मंगलची पत्रं.
ट्रंक माझ्याच हातची. पत्रा मीच ठोकला, झाकणावर नाव आणि फौजेचा नंबर पांढऱ्या रंगात मीच काढला. शेवटच्या आकड्याचा टवका उडालाय. बाकी शाबूत.
सरहद्दीवर त्याच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. बरोबरची पोरं सापडली, काही जिवंत, काही गोठून गेलेली. आमचा नाही. तारेत ‘लापता’. वर्दीतल्या माणसाला हा शब्द लावतात हे आत्ता कळलं.

१३ मार्च
सौ.नं सगळं सामान गच्चीवर उन्हात टाकलं, कडुलिंबाचा पाला घालून परत भरलं. मग तळापर्यंत चाचपत बसली. घड्याळ नाही, गरम कोट नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "म्हंजे अंगावर हायत." तारेनंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.


१६ मार्च
रफिकभाई येऊन गेले. शेजारच्या गाळ्यात विम्याचं काम करतात, दत्ता त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला.
मागच्या सुटीत दत्तानंच हट्ट धरला होता. त्याच्या तुकडीतल्या एका पोराचं सामान रेल्वेत चोरीला गेलं. सरकारी कोट, झोपायची पिशवी, सगळ्याची भरपाई त्याच्या पगारातनं कापली. वर साहेबानं विचारलं, विकलं तर नाहीस? दत्ता म्हणाला, "तात्या, पैसं ऱ्हाऊ द्यात, पर चोर म्हणून घ्यायचं न्हाय." म्हणून ट्रंक, रेडिओ, घड्याळ, सरकारी कोट, पिशवी, सगळ्याचा विमा उतरवला. चोरी, आग, पाणी, बर्फ. बर्फ हा शब्द वाचून आम्ही तिघं हसलो होतो. कोल्हापुरात बर्फ म्हणजे गोळेवाला.
भाई म्हणाले, दावा करता येईल. पण वस्तू कशी गेली ते लिहून सही लागते. घड्याळ माणसासकट गेलं, असं लिहावं लागेल.
चहा गार झाला. दोघांनीही घेतला नाही.

२० मार्च
मंगल, आमची सून, दुकानात डबा घेऊन आली. कधी येत नाही. बाकड्यावर बसली, पदर सावरला, म्हणाली, "मामंजी, सही करा."
मी म्हटलं, पोरी, किती मिळणार त्यात.
"पैशासाठी न्हाय. एका कागदावर तरी काय ते ठरू दे. रोज कुंकू लावताना हात थांबतोय. गल्लीतल्या बाया तोंडाकडं न्हाय, कपाळाकडं बघून बोलत्यात."
डबा उघडला. भाकरी, मेथी, ठेचा. मीठ विसरली होती. सांगितलं नाही.

२१ मार्च
सौ.ला विषय काढला. फक्त घड्याळ हरवलं एवढं लिहायचं, असं गुळात घोळून सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "हरवलं कुठं? त्येच्या हातात हाय. तुमी खोटं लिवणार व्हय?"
आयुष्यभर हिला सांगत आलो, कागदावर खोटं लिहू नये.

२ एप्रिल
रफिकभाई कानाशी येऊन बोलले. सौ. मागच्या आठवड्यात त्यांच्या गाळ्यात गेली होती. मी रंग आणायला गेलतो तेव्हा. विम्याची मुदत संपत आलेली, तिनं पुढच्या सालाचा हप्ता भरला. अंड्यांचे साठवलेले पैसे. भाई बाहेर होते, त्यांच्या नव्या माणसानं पावती केली. त्यानं विचारलं, सामान कुणाच्या ताब्यात? ही म्हणाली, त्येच्याच. सुस्थितीत? व्हय. शिवाय एक वस्तू नवी धरायला लावली: स्वेटर, निळा, अजून विणायचा आहे.
न विणलेल्या स्वेटरचा विमा. हसू येईना, रडूही येईना.
आता मी सही केली तर कंपनीपुढं एकाच घरचे दोन कागद जाणार. बाप म्हणतो गेलं, आई म्हणते आहे. एक कुणीतरी खोटं. भाई म्हणाले, "तात्या, पावती अजून वर पाठवली न्हाय. तुमी सांगा, फाडतो. पर दाव्याची मुदत रामनवमीपतोर. त्येच्या आत मला बोला."
मी म्हटलं, थांबा जरा. 

४ एप्रिल
आज घरी भडका उडणार असं वाटलेलं. पावतीचं मंगलला कळलं. सौ. जोत्यावर विणत होती, मंगलनंच शिकवलेलं. सूनबाई समोर जाऊन उभी राहिली. मी पेपर तोंडापुढं धरला.
मंगलनं विणलेला भाग हातात घेतला, स्वतःच्या छातीला लावून बघितला, वितीनं मापला. म्हणाली, "आत्याबाई, अरुंद झालंय. ते एवढं बारीक न्हाईत."
सगळं उसवलं. दोघी समोरासमोर बसून लोकर गुंडाळत होत्या. एकीच्या हातांवर लड, दुसरीच्या हातात गुंडा. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.
सही करा म्हणणारी हीच पोर.

५ एप्रिल
उद्या रामनवमी.
दुपारी कळंब्याचा एक सुभेदार आला, पेन्शनीत निघालेला. ट्रंकेवरचा नंबर काळा करायला. आमच्या धंद्यातली रीतच आहे: माणूस नोकरीतनं मोकळा झाला की नंबर पुसायचा, नाव ठेवायचं. मग ती घरची ट्रंक, गोधड्या ठेवायची. एका फटकाऱ्याचं काम. सुभेदार बघत उभा होता, म्हणाला, "संपलं तात्या." पेढा दिला.
त्याच्यामागं दत्ताची ट्रंक पुढ्यात ओढली. टवका उडालेला आकडा किती दिवस तसाच आहे. आता पांढऱ्यानं भरायचा, का सगळाच काळा करायचा, हे मलाच बघायचंय.
काळ्या-पांढऱ्या रंगाचे दोन्ही डबे काढून ठेवले. भाई दोनदा दारावरनं गेले, आत डोकावले.
सौ. चहा घेऊन आली. डब्यांकडं बघितलं. म्हणाली, "कुठला उघडताय?"
म्हटलं, झाकणं घट्ट बसलीत.