पिवळं पाणी आणि आमचा जाहिरात-बहिष्कार

७ एप्रिल, सकाळ
आज कुरुंद्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ. आपल्या जमीलचा. हळद पॉलिश करायचा त्याचा ड्रम फिरतोय, जमील बादलीतून पिवळं पाणी मारतोय, आणि मागून कुणीतरी जड आवाजात सांगतंय की बघा, हे लोक आपल्या हळदीत विषारी रंग कालवून राहिले, यांच्या दारात माल नेऊ नका. ‘हे लोक’वर जोर.

आता पॉलिशच्या शेवटच्या फेऱ्यांना हळदीच्याच पावडरीचं पाणी मारतात, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. माझा आजा हळद पायाने घासून पॉलिश करायचा, तेव्हाही मारायचे. पण शहरातल्या गिऱ्हाइकाला पिवळं पाणी म्हटलं की धडकी भरते. म्हणून आम्ही व्यापारी त्यावर तोंड उघडत नाही. पद्धतच आहे तशी.

व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा लक्षात आलं की ड्रममधली हळद माझी आहे. कोपऱ्यातल्या पोत्यावर ‘नागेश हळद’चा शिक्का दिसतो. पूर्ण नाही, नुसतं ‘गेश’. कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही.

७ एप्रिल, दुपार
जमील आला. बावीस वर्षं माझा माल हाच पॉलिश करतो. म्हणाला, आप्पा, तुमी मोबाईलमदी एवढंच बोला की हळद माझी हाय अन् पाणी हळदीचंच हाय. लोक तुमचं ऐकतेत. दोन मिन्टाचं काम हाय.

मी त्याला समजावलं की तू लहान विचार करून राहिला. प्रश्न एका व्हिडिओचा नाही, सिस्टिमचा आहे. तो उठला. चहा तसाच ठेवून गेला.

७ एप्रिल, संध्याकाळ
धक्का. कोमलने (माझी मुलगी, जाहिरातींचं काम हीच बघते) दाखवलं की तो व्हिडिओ संपला की खाली लगेच आपली जाहिरात येते. शुद्ध नागेश हळद, विश्वासाची परंपरा. म्हणजे जमीलला शिव्या, आणि खर्च माझा. ॲपचं नाव इथं लिहीत नाही. रोजनिशीतसुद्धा त्यांना फुकट प्रसिद्धी नको.

निर्णय झाला. आजपासून त्या ॲपवर नागेश हळदीची एकही जाहिरात नाही. कंपनीला धडा.

८ एप्रिल
अभ्यास केला. काही वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी द्वेषाच्या पोस्टींवरून अशाच एका ॲपच्या जाहिराती महिनाभर बंद केल्या होत्या. लेख अर्धाच वाचता आला, पुढचा वाचायला मेंबरशिप मागतात. पण शेवट उघड आहे. ॲपवाल्यांची फे फे उडाली असणार.

बायकोला, पार्वतीला, योजना सांगितली. तर म्हणते, एवढा खटाटोप काहून? सरळ बोलून टाका ना हळद आपली हाय म्हणून. बावीस वर्षाचं माणूस हाय ते. आमच्या घरी सिस्टिमबद्दल कुणाशी बोलायची सोयच नाही.

९ एप्रिल
माझ्या गोडाऊनमध्ये बैठक. चौदा दुकानदार आले. खतवाले किसनराव अध्यक्ष. ठराव एकमताने पास : ‘संबंधित व्हिडिओ हटेपर्यंत कुरुंद्यातला कोणताही व्यापारी सदर ॲपवर जाहिरात देणार नाही.’ जमीलचं नाव ठरावात घातलं नाही. उगाच फाटे फुटतात. त्याला बोलावलंही नाही, त्याला तकलीफ कशाला.

फोटो काढला. मग प्रश्न आला की फोटो टाकायचा कुठं? सगळं गाव त्याच ॲपवर. म्हणून तिथंच टाकला. किसनराव म्हणाले, कंपनीला दिसायला पाहिजे तर पोस्ट बूस्ट करा. साडी सेंटरवाला नरसिंग म्हणाला, बूस्ट म्हंजे जाहिरातच की. अर्धा तास वाद. शेवटी ही आंदोलनात्मक जाहिरात आहे असं ठरलं. आंदोलनात्मक चालते.

११ एप्रिल
शेतकऱ्यांनी जमीलकडे माल न्यायचं बंद केलं म्हणतात. लोक किती कच्च्या कानाचे असतात. समोर उभं राहून वर्षानुवर्षं पॉलिश करून घेतली, पाणी मारताना डोळ्यांनी बघितलं, आणि आता विष म्हणे. वाईट वाटलं.

माझी उरलेली हळद वसमतच्या ड्रमवर पाठवली. तात्पुरती. वातावरण निवळेपर्यंत. जमील मोठ्या मनाचा आहे, समजून घेईल. वसमतचा ड्रमवालाही पाणी मारतोच, पण तिकडे कुणी शूटिंग करत नाही.

१२ एप्रिल
कंपनीकडे तक्रार टाकली. चार मिनिटांत उत्तर : सदर व्हिडिओ आमच्या नियमांच्या विरोधात नाही, आपला दिवस चांगला जावो. चार मिनिटांत. म्हणजे तिकडे आमच्यावर डोळा ठेवून माणूस बसवलाय. कोमल म्हणाली, पप्पा, ते मशीन उत्तर देतंय. तिला अजून आंदोलनाचं मानसशास्त्र कळत नाही.

१५ एप्रिल
जमीलच्या वावराकडून गेलो. ड्रम बंद. एरवी या दिवसांत त्याच्या दारात ट्रॅक्टरची रांग असते, उभं राहायला जागा नसते. आज एक कुत्रं सावलीला झोपलेलं. पॉलिशचं काम वर्षातून दोनच महिने, त्यावर त्याचं वर्ष निघतं. हे मला माहीत आहे.

मला बघून उठून आला. आप्पा, सीझन चाललं, म्हणाला. कालच्याला गौसिया (त्याची बायको) हळद निवडायला गेली तर तिला बी परत लावून दिलं. बोला ना कायतरी. मी म्हणालो, महिनाभर दम धर, कंपनी वाकायला आली आहे. तो म्हणाला, महिन्यानं गावात हळदच ऱ्हात न्हाई.

घरी आलो तो न जेवताच आडवा झालो. बहुतेक ऊन लागलं. उद्या नक्की व्हिडिओ करतो. फक्त शब्द नीट जमवले पाहिजेत.

१६ एप्रिल
शब्द जमवले. ‘ड्रममधील हळद माझी आहे’ या वाक्याला अडलो. ‘ड्रममधील हळद एका प्रतिष्ठित ब्रँडची आहे’ असं केलं. मग वाटलं, लोक विचारणार की कुठल्या? मग ते वाक्यच काढलं. उरलं ते फक्त ‘नमस्कार’. शूटिंग पुढे ढकललं.

१८ एप्रिल
विश्वासघात. नरसिंगची लग्नसराईची जाहिरात ॲपवर. जाब विचारला तर म्हणतो, मेव्हण्याच्या अकाउंटवरून हाय, मी कुठं ठराव मोडला? दुपारी किसनरावांचीही दिसली. ते म्हणाले, मी अध्यक्ष म्हणून बहिष्कारात आहे, दुकानदार म्हणून न्हाई. चौदापैकी आता उरलो मी आणि एक पंक्चरवाला. त्याने आयुष्यात कधी जाहिरात दिलेली नाही.

२० एप्रिल
ऑर्डरी बसल्या. माझ्या जागेवर वसमतच्या दोन ब्रँडच्या जाहिराती झळकून राहिल्या. पण मी खचणारा नाही. पाठीचा कणा असलेली माणसं व्यापारात कमीच.

२१ एप्रिल
विजय. कंपनीचाच मेसेज आला : ‘तुमच्या पेजची आठवण येते. परत या, पहिली जाहिरात आमच्याकडून मोफत.’ वाकली कंपनी. बघा म्हणावं. कोमल म्हणाली, असा मेसेज सगळ्यांनाच येतो. असेल.

मोफत घेतली. इथं मुद्दा बारीक आहे, म्हणून लिहून ठेवतो. माझा पैसा जात नाही, म्हणजे बहिष्कार तत्त्वतः चालूच.

२२ एप्रिल
जाहिरातीत काय लिहायचं? फोनवर गिऱ्हाईक एकच विचारतं, तुमच्या हळदीला ते पिवळं पाणी मारलंय का. गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखणं म्हणजेच मार्केटिंग. मी लिहून दिलं : ‘नागेश हळद. पिवळं पाणी न मारलेली.’

यात खोटं काही नाही. पाकिटात पाणी नसतंच. वाळून गेलेलं असतं.

पार्वतीने वाचलं. ताट माझ्यापुढे ठेवून आत गेली.

२५ एप्रिल
जाहिरात तुफान. एवढा प्रतिसाद आजपर्यंत कधीच नाही. कोमल म्हणाली, ॲप आपोआप ती जाहिरात त्याच व्हिडिओखाली दाखवतंय, कारण तिथले लोक हळदीबद्दल जागरूक आहेत. पुढची मोफत नाही, पण चालू ठेवायला सांगितलं. हातातलं यश सोडू नये.

२६ एप्रिल
जमील आला. मोबाईल पुढे धरला, माझी जाहिरात. आप्पा, हे तुमीच लिवलं का, म्हणाला. मी म्हणालो, कोमलने. कोमल शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

जमील म्हणाला, बराबर हाय. मोबाईल खिशात घालून गेला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द बोलता आले असते.

२ मे
त्या लेखाचा उरलेला अर्धा भाग कोमलने कुठूनतरी मिळवून दिला, मी मागितला नसताना. मोठ्या कंपन्या महिन्याभरात बहुतेक परत आल्या. त्या ॲपची कमाई त्या वर्षी उलट वाढली. म्हणजे जगात कुणालाच जमलेलं नाही. हे आधी माहीत असतं तर मनाला एवढं लावून घेतलं नसतं. आम्ही तरी चौदा दिवस टिकलो.

९ मे
जमीलने ड्रम विकला. पॉलिशसाठी कुणी घेईना, शेवटी भंगारात. गॅसने कापला. तुकडे ट्रॅक्टरवर टाकून दुकानावरून नेले. दुकानात चार शेतकरी बसले होते, कुणी मान वर केली नाही. मीही बिल लिहीत होतो. जमील आणि गौसिया उद्या परभणीला चाललेत, तिच्या भावाच्या गॅरेजवर. बावन्न वर्षांचा माणूस आता पाने-पक्कड पुसणार.

गौसिया पार्वतीला भेटायला आली होती. दोघी मागच्या दाराशी बसून रडल्या. मला आज लाज वाटली. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहिलं.

ती गेल्यावर पार्वतीने विचारलं की तुमचा बहिष्कार कवा उठणार. मी म्हणालो, अगं, तो तर कधीचाच उठला, सगळ्यांच्या जाहिराती चालू आहेत, माझीही आहे. ती म्हणाली, तो न्हाई. जमीलवरचा.

त्या बहिष्काराला ना बैठक झाली, ना ठराव, ना फोटो. महिना उलटून गेला, गावातला एक माणूस फुटला नाही. मी तिला म्हणालो, मी काही त्याच्यावर बहिष्कार घातला नव्हता. ती म्हणाली, मंग तुमची हळद कुठं हाय?

वसमतला आहे. उद्या पॉलिश होऊन येईल.